दोनशे ग्रॅमची पुडी

चिमूटताईंना कारखान्यात खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. ते नाव हजेरीपुस्तकात होतं आणि पगाराच्या कागदावर होतं, बस्स. एकदा मालकांनी पाहुण्यांसमोर मोठ्या थाटात ते घ्यायला सुरुवात केली, अर्ध्यावर अडखळले आणि शेवटी म्हणाले, "या आमच्या चिमूटताई."

नाव ठेवलं होतं पाणीदादांनी. पाणीदादा म्हणजे कारखान्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे राखणदार. वय साठीला टेकलेलं, कानांनी थोडे जड, पण थट्टेला केव्हाही तयार. फार वर्षांपूर्वी पॅकिंगमधल्या एका नवख्या बाईने ताईंना विचारलं होतं, "ही पांढरी पावडर एवढी जपून कशाला हो मोजता?" ताई म्हणाल्या, "अगं, एका डबीमागे चिमूटभरसुद्धा येत नाही ही. पण नसली तर डबीचं मातेरं." दादा नेमके दारातून चालले होते. त्या दिवसापासून ताईंची चिमूटताई झाली, आणि त्यांनीही ते नाव कौतुकाने मिरवलं.

कारखाना क्रीमचा. तोंडाला लावायचं, टाचांना लावायचं आणि लहान बाळांना लावायचं. ताईंची खोली म्हणजे काटाघर. खिडकी नाही, डोक्यावर पांढरा दिवा, धूळ ओढून घेणारा पंखा, जमिनीवर एक मोठा काटा आणि दगडी ओट्यावर एक नाजूक काटा. त्यावर नुसता श्वास सोडला तरी आकडे हलायचे. चोवीस वर्षं ताई त्या काट्यापुढे श्वास रोखून उभ्या राहत आल्या होत्या. मेण, तेलं, घट्टपणा आणणाऱ्या पावडरी, सुवास, सगळं त्यांच्या हातून मोजून पुढे जायचं.

त्यात ही पावडर. साखरेसारखी दिसणारी, वास नाही, काही नाही. कागदावर तिचं नाव ईडीटीए. कामगार तिला 'पकड' म्हणत, कारण तिचं कामच ते. पाणी कितीही शुद्ध केलं तरी त्यात कुठे लोखंडाचा, कुठे तांब्याचा अंश राहतोच. डोळ्यांना दिसत नाही, पण तो तेलाला खवट करतो, रंग उतरवतो आणि क्रीम टिकवायला जे औषध घालतात त्याचीही ताकद कमी पडू लागते. ही पावडर त्या अंशाला धरते आणि सोडत नाही. दोनशे किलो क्रीमला दोनशे ग्रॅम. आणि घालायची सगळ्यांच्या आधी, कोमट पाण्यात. विरघळायला महा आळशी, म्हणून पाणी पुन्हा नितळ दिसेपर्यंत ढवळत उभं राहायचं. घाईच्या माणसाला हे काम जमायचं नाही.

प्रत्येक वजनाच्या कागदावर दोन सह्या लागत. 'वजन केले, घातले' इथे ताईंची आणि 'पाहिले' इथे दुसऱ्या कोणाची तरी. पाण्यात घालायच्या वस्तूंना ती दुसरी सही पाणीदादांची असे. पहिलं वर्षभर दादांनी चष्मा लावून आकडे वाचले. मग नुसतं दारातून डोकावू लागले. मग तेही बंद झालं. ताई कागद घेऊन त्यांच्याकडे जायच्या आणि दादा यंत्राच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळांवरची नजर न काढता सही ठोकायचे. कोणी हटकलंच तर म्हणायचे, "चिमूटताईंचं वजन आणि सकाळी सूर्य उगवणं, या दोन गोष्टी मी तपासत नसतो." ताई हसायच्या. पण ते ऐकून त्यांना किती बरं वाटायचं ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी ताई, त्यांचा मुलगा, सून आणि पाच महिन्यांची नात. मुलगा कामानिमित्त आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. सून घरूनच संगणकावर काम करायची. हुशार पोरगी. बाजारातून काही आणलं की आधी त्यामागची बारीक अक्षरं वाचणार आणि मग पिशवीतून बाहेर काढणार. ताईंना तिचा हा स्वभाव आवडायचा, खरं म्हणजे तो थोडा त्यांच्यासारखाच होता.

ताईंना एका गोष्टीची लाज वाटे, ती म्हणजे स्वतःच्या हातांची. दिवसातून वीस वेळा साबणाने धुवायचे, वर स्पिरिट चोळायचं. चोवीस वर्षांत तळवे किसणीसारखे झाले होते. नात जन्मली तेव्हा सगळे म्हणाले, "घ्या ना, आजी." आणि ताईंनी तिला दुपट्यासकट घेतलं, बोटं दुपट्याच्या आत जाणार नाहीत अशा बेताने. मग त्यांना युक्ती सुचली. प्रत्येक बॅचमधली एक डबी काटाघराला मिळायची. बाळाच्या क्रीमची डबी त्या घरी आणू लागल्या. बाळाची अंघोळ झाली की आधी स्वतःच्या तळव्यांना भरपूर क्रीम चोपडायचं आणि ते मऊ झाले की मग त्या इवल्या पाठीवरून फिरवायचे. कामाला निघण्याआधीचा तो अर्धा तास त्यांचा होता.

एका सकाळी सून डबी हातात घेऊन उभी होती. "आई, हे आजपासून बाळाला नको."

"का गं? उठलं काही अंगावर?"

"नाही. यात ईडीटीए आहे. मी काल एक व्हिडिओ बघितला. याने मुलं दगावलीत आई. शरीरातलं कॅल्शियम खेचून घेतं म्हणे."

"कोणी सांगितलं? मी रोज मोजते ते."

"म्हणूनच तुम्हाला काही वाटत नाही त्याचं," सून म्हणाली. तिच्या मनात टोचून बोलायचं नव्हतं, पण ते टोचायचं ते टोचलंच. "राग मानू नका. पण ती एवढीशी आहे. मी धोका नाही घेणार."

अंघोळ झालेली नात पलंगावर हातपाय झाडत पडली होती, आणि ताई मोकळे हात घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्या दिवशी त्या वीस मिनिटं लवकरच कामावर गेल्या.

खरं तर लॅबमधल्या मॅडमना विचारायला दोन मिनिटं लागली असती. लॅब काटाघराच्या समोर, मॅडम स्वभावाने सरळ, प्रश्नाला कधी कंटाळायच्या नाहीत. ताई तीनदा त्या दारापर्यंत गेल्या आणि तीनदा परत आल्या. विचारायची भीती वाटत होती. मॅडम म्हणाल्या असत्या की हो, आहे त्यात काहीतरी, तर चोवीस वर्षांचं काय करायचं? किती बॅच, किती डब्या, किती पोरांच्या पाठी. हा हिशोब मनात सुरू झाला की त्या पुन्हा काट्याकडे वळायच्या.

पुढच्या बाळाच्या बॅचला त्यांनी जे केलं ते आयुष्यात पहिल्यांदा केलं. पावडर नेहमीसारखी मोजली. बरोबर दोनशे ग्रॅम, पिशवीला गाठ, वर चिठ्ठी. कागद घेऊन पाणीदादांकडे गेल्या. दादांनी मान न वळवता सही केली आणि वर विचारलं, "काय चिमूटताई, नात काय म्हणते?" "मजेत आहे," ताई म्हणाल्या. मग त्या कोमट पाण्याच्या भांड्यापाशी आल्या, ढवळणी सुरू केली आणि वीस मिनिटं नितळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. पुडी ॲप्रनच्या आत होती. ती फेकून द्यायलाही त्यांचा हात धजावला नाही, माल फेकायची सवयच नव्हती. आपल्या कपाटात जेवणाच्या डब्यामागे त्यांनी ती ठेवून दिली.

त्या बॅचची डबी घरी आणून त्यांनी सुनेसमोर ठेवली. "ही वेगळी आहे. यात ते नाही."

"पण मागे तर लिहिलंय."

"डबी जुनी छापलेली आहे. माल मी मोजलाय ना? मी सांगते, नाही त्यात."

सुनेने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा विश्वास बसला. ताईंचा शब्द होता तो. दुसऱ्या दिवसापासून तो अर्धा तास ताईंना परत मिळाला. नात आताशा खळखळून हसायला लागली होती. पाठीवर हात फिरला की मान उचलून मागे बघायची. पाच आठवडे ताई घरातून गुणगुणत निघायच्या.

कारखान्यात एक गरम कपाट होतं. प्रत्येक बॅचच्या चार डब्या त्यात ठेवत, म्हणजे क्रीम पुढे कसं वागेल ते लवकर कळतं. एका शुक्रवारी मॅडमनी बाळाच्या त्या बॅचची डबी उघडली आणि नाक मागे घेतलं. क्रीम पिवळट पडलं होतं. जुन्या तळणीच्या तेलासारखा वास येत होता. बाकीच्या तीन डब्याही तशाच. बॅच अजून गोदामातच होती, ती तिथेच अडकवली गेली आणि शोध सुरू झाला.

पाण्याच्या यंत्राचा एक नळ मागच्या महिन्यात बदलला होता. दादांच्या वहीत त्या आठवड्यात लोखंडाचा आकडा किंचित वर गेलेला होता, पण मर्यादेतच होता. मॅडम मालकांना म्हणाल्या, आणि ताईंनी ते काटाघरातून ऐकलं, "एवढ्याशा लोखंडाने काही व्हायला नको होतं. हे धरायलाच तर पावडर घालतो. आणि पावडर घातलेली आहे, दोन सह्या आहेत."

"म्हणजे?" मालकांनी विचारलं.

"म्हणजे त्या दिवशी पाणी वहीत लिहिलंय त्यापेक्षा बरंच खराब असणार."

सरळ गणित होतं. चिमूटताईंचं वजन चुकत नाही, म्हणजे पाणीदादांची वही खोटी. मालक आधीच चिडलेले होते, त्यांनी दादांना सगळ्यांसमोर बोलावून विचारलं, "आकडे बघून लिहिता की घरी बसून?" दादांना पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. मालकांनी तेच पुन्हा, अधिक मोठ्याने विचारलं. दादांच्या मानेवर घाम आला. "एकतीस वर्षांत एक आकडा मनाने लिहिला नाही मी," ते म्हणाले, आणि आधारासाठी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांची नजर ताईंवर येऊन थांबली. "चिमूटताईंना विचारा. त्या ओळखतात मला."

"दादा तसे नाहीत," एवढंच ताई पुटपुटल्या, आणि तेसुद्धा कोणाच्या कानावर गेलं नाही.

शनिवार गेला. शनिवारी ताईंनी आपलं कपाट उघडून पुडी तिथेच आहे का ते चार वेळा पाहिलं. जेवणाचा डबा तसाच घरी परत गेला.

रविवारी सकाळी नातीची अंघोळ झाली. ताईंनी डबी उघडली आणि तो वास नाकात शिरला, अजून हलका, पण तोच. काल-परवा तो नव्हता की आपल्याला तो घ्यायचाच नव्हता, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी नातीला उजेडात धरलं. मानेच्या वळीत चार-पाच लाल ठिपके होते.

"उकाड्याने आलेत ते," सून म्हणाली. "परवापासून आहेत."

ताई पलंगावर बसल्या. आणि मग सगळं सांगितलं. पुडी, ॲप्रन, सही, पाणीदादा, सगळं. सांगताना त्या डबीचं झाकण लावत होत्या आणि काढत होत्या. सुनेने ते झाकण हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आई, तुम्ही माझ्यासाठी नोकरी पणाला लावलीत?"

"तुझ्यासाठी नाही गं. खोटं कशाला बोलू? मला तिला हात लावायचा होता."

सून गोंधळली. "मी क्रीम नको म्हटलं होतं. तुमचे हात नकोत असं कधी म्हटलं?"

"माझे हात बघितलेस का तू कधी?"

"रोज बघते," सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तिला काय करायचंय मऊ नि खरखरीत? तुमचा आवाज आला की ती दाराकडे मान वळवते. क्रीम कुठलं होतं ते तिला माहीत तरी आहे का?"

ताईंना रडू फुटलं. इतकं साधं विचारायचं राहून गेलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. दुपारी दोघी बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, काही लावू नका, दोन दिवसांत जाईल. ठिपके उकाड्याने आले की क्रीममुळे, ते त्यांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत ताईंनी नातीची मान किती वेळा पाहिली त्याला मोजदाद नाही. मंगळवारी ती साफ झाली.

पण त्याआधी सोमवार होता. ताई कारखान्यात पोचल्या तेव्हा पाण्याच्या खोलीला कुलूप होतं. दादांनी शनिवारी सुटतानाच चावी मालकांच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले, असं रखवालदाराने सांगितलं. काढून टाकायची वेळही त्यांनी मालकांवर येऊ दिली नव्हती.

ताई आपल्या कपाटापाशी गेल्या, पुडी घेतली आणि सरळ मालकांच्या खोलीत शिरल्या. मॅडम तिथेच होत्या. ताईंनी पुडी टेबलावर ठेवली. मॅडमनी चिठ्ठी वाचली, बॅचचा नंबर पाहिला, पुडी हातात तोलली आणि त्यांना सगळं कळलं.

"विसरलात?" मालकांनी विचारलं. आवाजात आशा होती. "चोवीस वर्षांत एकदा होतं माणसाकडून."

"विसरले नाही साहेब. ठरवून ठेवली. दादांच्या वहीत काही खोटं नाही, खोटी माझी सही आहे."

मालक बरंच बोलले. ताईंनी ते मान खाली घालून ऐकलं. सगळी बॅच फेकावी लागणार होती. शेवटी मॅडमनी चूक नोंदवायचा कागद पुढे सरकवला. त्यात 'कारण' म्हणून एक रकाना होता. ताईंनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'नातीला लावता यावं म्हणून.' मॅडमनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

लॅबमध्ये नेऊन मॅडम म्हणाल्या, "मला विचारायचं होतंत."

"तुम्ही म्हणाला असतात की वाईट आहे, तर?"

"मी खरं ते सांगितलं असतं. सुनेने जे ऐकलं ते झालेलं आहे. पण ती सुई होती ताई. रक्तात, मोठ्या प्रमाणात, या पावडरीची नको ती जात दिली गेली. रक्तातलं कॅल्शियम धरलं तिने. कातडीवरून एवढीशी आत जवळजवळ जातच नाही. क्रीममध्ये एवढ्या प्रमाणात ती चालते, हे अनेकांनी तपासलंय." मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तिच्याबद्दल तक्रार करायचीच तर एक आहे. ती निसर्गात लवकर नाहीशी होत नाही. मोरीतून जाते ती पुढे नदीत तशीच राहते. त्यासाठी मी दुसरी शोधतेय, वर्षभर झालं. पण दुसरी सापडेपर्यंत ही काढायची नाही. आणि काढायची तर कागदावर लिहून काढायची."

ताईंनी मान हलवली. चोवीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. पण दोनशे ग्रॅमचं तसंच होतं.

दुपारी त्या पाणीदादांच्या घरी गेल्या. दादा बनियनवर दारात बसून रेडिओच्या पोटातल्या तारा बघत होते. ताईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. दादांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे शेजारच्यांनीही ऐकलं. दादांनी तारा खाली ठेवल्या.

"शुक्रवारी मी तुमच्याकडे बघितलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"बोलला नाहीत."

"नाही."

दादा उठून आत गेले. ताई तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने ते शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चावी कुणाकडे आहे?"

मालकांनी ताईंना कामावरून काढलं नाही. तीन महिने पॅकिंगला बसवलं, मग मॅडमनी भांडून परत काट्यावर आणलं. परतीच्या पहिल्या दिवशी बाळाचीच बॅच होती. ताईंनी पावडर मोजली आणि कागद घेऊन पाण्याच्या खोलीकडे निघाल्या, तर दादा काटाघराच्या दारात येऊन उभे होते. खिशातून त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि लावला. काट्यापाशी वाकले. आकडा मोठ्याने वाचला. पिशवीवरची चिठ्ठी वाचली. मग ताईंच्या मागोमाग भांड्यापर्यंत आले आणि पावडर पाण्यात पडताना पाहत राहिले. ढवळून पाणी नितळ होईपर्यंत, पूर्ण वीस मिनिटं, ते तिथून हलले नाहीत.

"दादा, अजून राग आहे?" ताईंनी विचारलं.

"राग कसला ताई. मीही न बघता 'पाहिले' लिहीतच होतो की." त्यांनी ओट्यावर कागद सरळ केला. "पण आता बघितल्याशिवाय सहीला हात उठत नाही."

नुसतं ताई म्हणाले ते. चिमूट म्हणाले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.